दातांचा धडा

कापूस विकून आल्यावर बाबांनी दोन हजार रुपये माझ्या हाती ठेवले. म्हणाले, "पोरीले लागन ते पुस्तक घे." धाकट्या बहिणीला दातांची डॉक्टर व्हायचे आहे. बी. डी. एस.चा प्रवेश 'नीट' परीक्षेवर होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी एकटाच, तोही कला शाखेचा. म्हणून निवड माझ्यावर आली.

यवतमाळच्या दुकानात जाडजूड गाइडे रचलेली होती. जुन्या पुस्तकांत एक संच निम्म्या किमतीत मिळत होता. मी पैसे काढलेही. सहज चाळताना पचनसंस्थेच्या धड्यात माणसाच्या दातांचे सूत्र दिसले. वाटले, हेच तर हवे! पण मोबाइलवर अभ्यासक्रम पाहिला, तर तो धडा २०२४ च्या परीक्षेपासून वगळलेला. दातांचा डॉक्टर निवडणाऱ्या परीक्षेत दातांचाच धडा नाही!

संच परत ठेवला. १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची नवी पुस्तके आणि मागील प्रश्नपत्रिका एवढेच घेतले. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. चुकीच्या पुस्तकापायी सबंध वर्ष जाते.

उरलेले पैसे परत दिले, तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. "एवढीशीच?" पोरीसाठी मी हात आखडता घेतला, असे त्यांना वाटले असावे.

बहिणीने अभ्यासक्रमाची यादी भिंतीला चिकटवली आणि पहिला धडा उघडला. माझ्या स्वतःच्या कोणत्याही पेपरची मला इतकी धास्ती वाटली नव्हती.