गोळी लपवू नका

पोंभुर्णा, १७ नोव्हेंबर

आज राष्ट्रीय अपस्मार (मिरगी) दिन. धानकापणी सुरू आहे. पहाटेच माणसं बांध्यांत उतरतात. मिरगी असलेल्यांना मात्र पुरेशी झोप हवीच. जागरण आणि चुकलेली गोळी झटका ओढवून आणतात. मलाही मिरगी आहे; तळ्यावर एकट्यानं जाऊ नये, हेही मी पाळतो. नियमित औषधानं दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिंदू विवाह कायद्यातली मिरगीची आडकाठी १९९९ मध्ये निघाली. तरी लग्न जुळवताना आजार लपवतात आणि लपवलेली गोळीच चुकते. याचं फार वाईट वाटतं.

कुणाला झटका आला तर चप्पल, कांदा हुंगवू नका. तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबला नाही, तर दवाखाना गाठा.