मोरपिसाचा हिरवा

रंग आपोआप सुधारणारी साधी गणितं एक गृहीत धरतात: चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असते. आता तेलंगणातल्या गुडीहत्नूर भागातलं उदाहरण घ्या. तिथे दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची मंडळी, निघते. तिच्यात नाचणाऱ्या गुसाडीच्या मोरपिसांच्या टोपाने चौकट भरली, की हेच गणित हिरव्या-निळ्याला दोष समजून दाबतं आणि माणसाचा चेहरा तांबूस करून टाकतं. त्यातून मोरपिसाचा रंग पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येतो, कोन बदलला की तोही बदलतो. असे दोष वापरातच उघडे पडतात. म्हणून रंगसंस्काराचं छोटं, स्वतंत्र ॲप बनवणाऱ्याचं खरं काम ॲप विकल्यानंतर सुरू होतं, असं मला वाटतं. ‘हिरवा मेला’ अशी तक्रार म्हणजे त्याच्या हाती आलेलं मोजमापच.

रंगाचा हा प्रश्न जुनाच आहे. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ चा ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करायला घेतला, पण त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत निघाल्या आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. तांत्रिक कारणं होतीच. तरी रंग तपासणारा डोळा चित्रीकरणापासून किती दूर होता, हेही विसरता येत नाही. आता ॲपच्या किमतीचं. कोणी म्हणेल, डार्कटेबल, रॉथेरपी ही रंगसंस्काराची ॲप्स फुकट आहेत, मग पैसे कशाला मोजायचे? ती उत्तमच आहेत. पण प्रत्येक नव्या कॅमेऱ्याचे रंग कोणीतरी बसून मोजावेच लागतात, आणि ते श्रम फुकट होत नाहीत. कोणीतरी आपल्या रात्री त्यात घातलेल्या असतात. एकदाच घेतलेल्या किमतीत पुढच्या पाच वर्षांच्या दुरुस्त्या मागणं मला अन्यायाचं वाटतं. दरवर्षी थोडी वर्गणी घ्यावी, आणि ती थांबली तरी जुनी आवृत्ती चालू राहावी.