ऊब आणि उतावळेपणा

अमेरिका-कॅनडातील थंड प्रदेशांत घर तापवणारी भट्टी दर काही मिनिटांनी पेटू-विझू लागली, की तिच्यावर आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमानानुसार भट्टी चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकावर, एकाच वेळी संशय घेतला जातो. परंतु दोहोंतील दोषी ओळखण्याची कसोटी साधी आहे. थर्मोस्टॅट ऊब मागत असतानाच ज्योत विझत असेल, तर बहुधा धुळीने तुंबलेल्या गाळणीमुळे भट्टी अतितप्त होऊन तिची सुरक्षा-कळ ती थांबवत असते. मागणीच लवकर संपत असेल, तर जुन्या यंत्रांतील अँटिसिपेटर तपासावा लागतो; हा बारीक रोधक थर्मोस्टॅटला आतून किंचित ऊब देतो आणि खोली पुरती तापण्याआधीच भट्टी थांबवतो, कारण उरलेली उष्णता नंतरही खोलीत येतच राहते. त्याचा अँपिअरचा आकडा गरजेपेक्षा कमी लावला, तर तो अधिक तापतो आणि फेरे वाढतात. अचूकतेसाठी यंत्राला अशी मोजून-मापून केलेली फसवणूक लागते, आणि अंशभर चढउतार सोसण्याची तयारी नसलेली दक्षता अखेर उतावळेपणाच ठरते, हे त्यातील चिंतनीय सत्य होय.