डरहॅममधला रोझ बोल

अमेरिकन फुटबॉलच्या १९४१ च्या हंगामात ओरेगन स्टेट कॉलेजच्या संघाने पहिलाच सामना गमावला. सदर्न कॅलिफोर्नियाने त्यांना १३-७ असे हरवले. पुढे मात्र प्रशिक्षक लॉन स्टायनर यांच्या हाताखाली कोर्व्हॅलिस शहरातल्या या कॉलेजच्या मुलांचा बचाव असा पक्का झाला, की हंगामातल्या नऊपैकी पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळाला नाही. बलाढ्य स्टॅनफर्डही त्यांत होते. २९ नोव्हेंबरला शेजारच्या ओरेगन विद्यापीठाला १२-७ असे नमवून संघाने पॅसिफिक किनाऱ्याचे विजेतेपद मिळवले आणि रोझ बोलचा मान पटकावला. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात होणारा हा सामना म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलचा तेव्हाचा सर्वांत मोठा सोहळा. प्रतिस्पर्धी ठरला तो नॉर्थ कॅरोलायनाचा अजिंक्य ड्यूक संघ.

आठच दिवसांनी, ७ डिसेंबरला, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पश्चिम किनाऱ्यावर कधीही बॉम्ब पडतील अशी धास्ती पसरली. एवढी गर्दी एका जागी जमू नये, असे तिथल्या संरक्षणाची जबाबदारी असलेले जनरल जॉन डेविट यांनी कळवले. पॅसाडिनातला सामना आणि फुलांच्या रथांची मिरवणूक, दोन्ही रद्द झाले. तेव्हा ड्यूकचे प्रशिक्षक वॉलेस वेड यांनी सामना डरहॅम शहरात, स्वतःच्या मैदानावर भरवण्याची तयारी दाखवली. शेजारच्या विद्यापीठांकडून लाकडी बाके उसनी आणून ५६,००० प्रेक्षकांची सोय झाली. ओरेगन स्टेटचा संघ रेल्वेने देश ओलांडायला निघाला.

संघातला एक खेळाडू त्या गाडीत नव्हता. जॅक योशिहारा हा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. जन्म जपानमधला, पण वयाच्या तिसऱ्या वर्षी तो अमेरिकेत आला आणि पोर्टलंडमध्ये वाढला. जपानहून आलेल्यांना अमेरिकेचे नागरिकत्व घेण्याची मुभा तेव्हाच्या कायद्यात नव्हती. त्यामुळे युद्ध सुरू होताच तो कागदोपत्री शत्रुदेशाचा माणूस ठरला. एफबीआयचे अधिकारी सरावाच्या मैदानावर आले आणि त्याला संघाबरोबर जाता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्याच्यावर संशय घ्यावा असे त्याने काहीही केले नव्हते. अख्ख्या सामन्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला जागा मिळाली. हंगामभर संघात राहिलेल्या एका पोराला गाडीत मिळाली नाही. या हंगामाच्या कौतुकात हा अन्याय तळटीपेत ढकलला जातो, हे योग्य नाही.

१ जानेवारी १९४२ ला डरहॅममध्ये पाऊस होता. जिंकणार ड्यूकच, असा बहुतेकांचा होरा होता. पण पहिले गुण ओरेगन स्टेटच्या डॉन डर्डनने मिळवले. मध्यंतराला ७-७, पुढे पुन्हा १४-१४. मग बॉब डेथमनने फेकलेला चेंडू जीन ग्रेने झेलला आणि तो थेट गोलरेषेपार गेला. चाल ६८ यार्डांची. ड्यूकला नंतर दोनच गुण मिळाले. निकाल २०-१६. ओरेगन स्टेटचा रोझ बोलमधला हा आजवरचा एकमेव विजय आहे.

त्यानंतर दोन्ही संघांतले बहुतेक खेळाडू सैन्यात गेले. वेडही तोफखान्यात रुजू झाले. इटलीच्या आघाडीवर ड्यूकचा चार्ल्स हेन्स गंभीर जखमी झाला, तेव्हा त्याचा जीव वाचवला ओरेगन स्टेटच्या फ्रँक पार्करने. डरहॅममध्ये दोघे समोरासमोरच्या संघांत होते. काही खेळाडू युद्धातून परतलेच नाहीत.

योशिहाराची वाट वेगळी होती. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडावी लागली. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. पोर्टलंडच्या कुटुंबांना आधी गुरांच्या प्रदर्शनाच्या आवारात कोंबले गेले. योशिहाराला पुढे आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत राहावे लागले. त्याचे शिक्षण अर्धवट राहिले.

कित्येक वर्षांनी ओरेगन स्टेटने योशिहारा यांना संघातले म्हणून रोझ बोलची अंगठी दिली. २००८ मध्ये, आता विद्यापीठ झालेल्या ओरेगन स्टेटने युद्धामुळे शिक्षण तुटलेल्या ४२ जपानी-अमेरिकन विद्यार्थ्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. त्यांत योशिहारा यांचे नाव होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.