आधी गोधडी, मग माईक

विद्यार्थ्यांची वाहिनी काढायचं ठरलं तेव्हा शिक्षक-खोलीत पहिला प्रश्न निघाला कॅमेऱ्याचा. कोणता घ्यायचा, मागे हिरवा पडदा लागेल का, वगैरे. मी महाड-पोलादपूर पट्ट्यात पंचवीस वर्षं मराठी शिकवतोय. त्यातल्या बहुतेक सकाळी परिपाठाच्या माईकपाशी गेल्या. मी म्हटलं, आधी पत्र्याचं बघू.

आमच्या वर्गांवर पत्रे आहेत आणि इकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत सर आली की फळ्यापाशी बोललेलं तिसऱ्या बाकावर पोचत नाही. तिथे लाखाचा माईक लावला, तर तो लाखाचा पाऊस टिपेल. म्हणून आमची पहिली खरेदी बिनपैशाची झाली. जिन्याखालची, डोक्यावर स्लॅब असलेली खेळाच्या सामानाची खोली मोकळी केली. लेझमी, डंबेल्स व्हरांड्यात गेले. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. पातळ पुठ्ठा बाहेरचा आवाज अडवत नाही, आतला घुमणंही जेमतेम कमी करतो, आणि आमच्या दमट हवेत पंधरा दिवसांत त्याला बुरशी धरते. आम्ही मुलांच्या घरून जुन्या गोधड्या मागवल्या. भिंतीला न चिकटवता चार बोटं जागा सोडून टांगल्या. खोलीत टाळी वाजवली तर ती विझल्यासारखी वाटायला लागली.

माईकआधी जागा, हे मुलांना पटवायला फार बोलावं लागलं नाही. रायगडावर सिंहासनाच्या जागी बोललेलं समोर नगारखान्यापाशी ऐकू येतं, हे त्यांनी सहलीत करून पाहिलं होतं. तिथे ना वायर, ना माईक.

माईकच्या बाबतीत मात्र मी फसलो. ‘सर, स्टुडिओत हाच असतो’ म्हणत एका दुकानदाराने कंडेन्सर गळ्यात मारला. त्याला ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, आणि तो कानाचा फार तिखट. मुलगा सुविचार वाचतोय, मागे कोंबडा आरवतोय, हायवेवर एसटी हॉर्न देतेय, आणि सगळं सारख्याच मानाने येतंय. ऑगस्टमध्ये ओल धरून तो चरचरायलाही लागला. आता आमच्याकडे दोन डायनॅमिक माईक आहेत, ऑर्केस्ट्रातला गायक हातात धरतो तसले. शुअरचा एसएम ५८ हा त्यातला नावाजलेला, १९६६पासून जवळपास त्याच रूपात चालत आलेला. असला माईक चार बोटांवरचं ऐकतो, लांबचं फारसं मनावर घेत नाही. तोंड जरा तिरकं ठेवलं की ‘भ’ आणि ‘फ’चा फुत्कार बाजूने निघून जातो. रात्री दोन्ही माईक बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपतात.

रेकॉर्डिंगच्या मागे सतत ‘घूंऽ’ यायचं. त्यासाठी नवा मिक्सर घ्यायच्या बेतात होतो. वायरमनने अर्थिंग दुरुस्त केलं आणि घूं गेली. कापाकापीला ऑडॅसिटी पुरते, ती फुकट आहे.

पैसे खर्चावेत ते कान झाकणाऱ्या चांगल्या हेडफोनवर. पोलादपूरकडच्या वाडीतली एक मुलगी त्यातून स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकून म्हणाली, “सर, ही मी नाय.” पुन्हा लावून ऐकलं, मग तिसऱ्यांदा. पुढच्या आठवड्यात तिने आजीला भातलावणीबद्दल बोलतं केलं. आजी ‘पानी’ म्हणते. मी आयुष्यभर ‘पाणी’ करून घेणारा मास्तर. पण ती फीत ऐकताना लाल पेन खिशातच राहिलं. बातम्या वाचताना ‘ण’ हवाच, आजीला मात्र मोकळीक.

आपलं एफएम केंद्र का नाही, असं पालक विचारतात. केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना २००२ साली सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. तिकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर ऐकू येते. पण एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते आणि अशा केंद्राला ५० वॅटच्या आसपासचा लहान ट्रान्समीटर मिळतो. माणदेशच्या माळावर ते चालेल. इथे महाडच्या बाजारातून निघालेला आवाज पहिल्या डोंगरसोंडेला थडकेल आणि पलीकडच्या वाड्या कोरड्याच राहतील. तेव्हा परिपाठ शाळेच्या भोंग्यावर, आणि बाकीचं गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

अर्थात मोबाइल चालू असेल तर. २२ जुलै २०२१ला सावित्री नदी महाडच्या बाजारपेठेत शिरली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली, पोलादपुरात साखरसुतारवाडी आणि केवनाळेतही. वीज नव्हती, फोन मुके झाले होते. तळियेला मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्यानंतर सामानाच्या यादीत मी सेलवर चालणारा, सायरनचा हातभोंगा घातला. शाळेच्या समितीत कुणीतरी हसलं, ‘हे काय ब्रॉडकास्टिंग?’ माझ्या लेखी तेच. दर जूनमध्ये मुलं सराव करतात: कुठे, काय झालंय, कुठे जायचं, तीन वाक्यं, दोनदा, सावकाश. सेल मात्र भोंग्यात ठेवत नाही, पावसाळ्यात पाझरतात. बाजूला पिशवीत बांधून टांगलेले असतात.

कॅमेरा अजून घेतलेला नाही. खोलीची दाराकडची भिंत उघडीच आहे. घरात जुनी गोधडी पडून असेल तर जवळच्या शाळेत विचारा, असली खोली तिथेही असेल. फाटकी चालेल, फक्त धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून द्या.