आत्याची वाटी

चि. छोटी,


परवा आत्याचं वर्षश्राद्ध झालं. तुझी रजा मंजूर झाली नाही, म्हणून फोनवर रडलीस. तेव्हाच ठरवलं होतं, गावाहून सगळं सविस्तर लिहीन.

आदल्या रात्री स्वयंपाकाचं ठरवायला बसलो. वडे, खीर, अळूवड्या झाल्या आणि काकी म्हणाली, “वन्संच्या आवडीचं काहीतरी करायला हवं.” सगळ्या गप्प झाल्या. आत्याला काय आवडायचं? छोटी, एकीलाही सांगता आलं नाही गं. मलाही नाही. तिच्या हातचं खाऊन आपण दोघी वाढलो.

लालबागची ती दहा बाय दहाची खोली आठव. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून खाणावळीसाठी तिचा स्टोव्ह चारला पेटायचा. कुणाला भाकऱ्या तीन, कुणाला तिखट सोसत नाही, कुणाचा गुरुवार, सगळं तिला तोंडपाठ. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. पगार थांबले, तशी खाणावळीची उधारीही अडकली. कितीतरी खाणावळवाल्या बाया तेव्हा कर्जात बुडाल्या. आत्यानेही बांगड्या मोडल्या, पण गावी न गेलेल्या कामगारांची ताटं बंद केली नाहीत. परवा जो तो हेच सांगत होता आणि डोळे पुसत होता.

पान ठेवलं. कावळाही लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं, मला मात्र वाटेना.

जेवणं उरकल्यावर पलीकडच्या वाडीतले एक म्हातारे ओटीवर टेकले. बारा वर्षं आत्याकडे जेवलेले. मी सहज त्यांना आत्याच्या आवडीचं विचारलं, तर म्हणाले, “काजूगर! शिमग्याहून परत जाताना मी पंच्यात बांधून न्यायचो. वहिनी उसळ करायच्या, सगळ्यांना वाढायच्या. पण एक वाटी आधीच फळीवर झाकून ठेवायच्या. म्हणायच्या, ही माझी, कुणी मागायची नाही.”

मला इतका आनंद झाला, छोटी! जन्मभर दुसऱ्यांची ताटं भरणाऱ्या आपल्या आत्याने एक वाटी स्वतःसाठी राखली होती. तिचा त्याग आपण सगळ्यांनी लक्षात ठेवला, पण तिची आवड एका परक्या माणसाने जपली. आणि मागच्या परसात काजू बियांनी लगडलेला होता.

काल सकाळी मी बिया काढल्या. सोलताना चीक लागला, बोटं काळी पडलीत, सालं निघताहेत. ओलं खोबरं घालून उसळ केली. पहिली वाटी काढून फळीवर झाकून ठेवली आणि मग सगळ्यांना वाढलं.

रात्री आईला विचारलं, “तुला काय आवडतं गं?” म्हणाली, “मला काय, सगळं चालतं.” हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. रविवारी फोन करशील तेव्हा तूही विचार. खरं सांगेपर्यंत सोडू नकोस.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई