कांद्यासारखं दिसलं म्हणून...

रानभाजी आपल्याला बरोबर ओळखता येते, अशी माझी एक घमेंड होती. आजोळी पहिला पाऊस पडला की आजीबरोबर मी फोडशी खुडायला जात असे. गवत कुठलं अन् भाजी कुठली, हे मला नुसत्या नजरेने कळे. ही घमेंड उतरली ती सात समुद्रांपलीकडे, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात!

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही बॉइसी शहरी राहतो. शहरामागे उघडेबोडके डोंगर आहेत. पाऊस वर्षाला जेमतेम ११-१२ इंच. त्यामुळे नजर जाईल तिथवर सेजब्रशची करडी झुडपं. पहिल्यांदा त्याचं पान चुरगाळलं आणि काय सांगू, दवण्याचीच आठवण झाली! पुढे वाचलं, तर दोघांचं शास्त्रातलं आडनाव एकच, आर्टेमिसिया. परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. हा डोंगर आपलाच, असं वाटू लागलं आणि तिथेच मी फसले.

एप्रिलचे दिवस होते. त्या झुडपांच्या आडोशाला कांद्याच्या पातीसारखी पात दिसली. उपटून पाहिली, तर खाली इवलासा कांदा आणि वास अगदी झणझणीत! मग काय, लेक आणि मी दिसेल ती पात उपटत सुटलो. संध्याकाळी पीठ पेरून भाजी करायची, असा बेत ठरला.

चिरायला घेणार, तोच शेजारच्या आजी आल्या. त्या मेंढ्या पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. जुडी पाहताच त्यांनी माझा हात धरला. “याची फुलं पाहिलीस का?”

“नाही. पण वास कांद्याचाच आहे ना!”

“कुणाला? कांद्याला, की तुझ्या हातांना?”

मी गप्पच झाले. त्यांनी मला साबणाने हात धुवायला लावले. मग एकेक कांदा स्वच्छ धुऊन, वेगवेगळा कापून हुंगायला लावला. चौदांपैकी पाचांना नुसता मातीचा वास! तो होता डेथ कॅमस, म्हणजे मरणाचा कॅमस. कांदा, पात, फूल, बी, सगळंच विषारी. शिजवूनही विष जात नाही. लाळ गळते, ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते. मेंढ्या तर तो चरून दगावतात. लेक शेजारी उभी राहून सारं ऐकत होती. माझ्या पायांतलं बळच गेलं. आजींनी उरलेले नऊ कांदेही टाकायला लावले. शंका आली की ताटात घ्यायचं नाही, म्हणाल्या.

मे महिन्यात त्यांनी मला त्याच उतारावर नेलं. आता दोघांना फुलं आली होती. खऱ्या रानकांद्याचे सारे देठ दांड्याच्या टोकाशी एकाच ठिकाणाहून फुटतात, छत्रीच्या काड्यांसारखे. फुलं गुलाबी. डेथ कॅमसची फुलं मात्र दांड्यावर खालून वर चढत जातात. सहा पाकळ्यांची, सायीच्या रंगाची, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी पिवळट-हिरवा ठिपका. इतकं नाजूक फूल, की वेणीत माळावं!

नुसता कॅमस हे वेगळंच रोप. त्याची फुलं निळी, आणि तो ओलसर कुरणात येतो. त्याचे कांदे जमिनीत भट्टी लावून भाजतात. १८०५ साली लुईस आणि क्लार्क यांच्या भुकेल्या तुकडीला नेझ पर्स लोकांनी हेच खायला घातले होते. कांद्यावरून गल्लत होते, म्हणून तिथल्या बायका फुलं असतानाच पांढरे वेगळे काढून टाकत, असं सांगतात. म्हणजे त्यांनाही कुणी आजीनेच शिकवलं असणार!

मला फोडशी ओळखता येत होती, कारण शेजारी आजी उभी असे. नवा डोंगर, तर आजीही नवी हवी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे आपण मुलांना सांगतो. त्या संध्याकाळी ते मला माझ्याच ओट्यावर शिकायला मिळालं. आता लेक डोंगरावर काही नवं दिसलं, की आधी हात मागे बांधते आणि विचारते, “आई, याचं फूल कसं असतं गं?”